माफीचा शनिवार

आमच्या घरमालकांनी पहिल्यांदा माझी माफी मागितली तेव्हा मला त्यांच्या घरात राहायला येऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. शनिवारची सकाळ होती. मी तोंडाला साबण फासून दाढी करत होतो आणि दारावर अशी थाप पडली की मला वाटलं, खाली कुणाचं तरी बरंवाईट झालं. दार उघडलं तर मालक. अंगात बनियन, खाली लुंगी आणि हात छातीशी जोडलेले.

"सर, माफ करा," ते म्हणाले.

"कशाबद्दल?"

"तुमच्या आई आल्यात न्हवं तुमचं बिऱ्हाड लावायला, त्यावरनं मी हिला म्हणलं, ह्यो प्रोफेसर आईच्या पदराला धरून फिरतोय, ह्याच्या हातनं शेगडी बी पेटायची न्हाय. असं बोलाय नको हुतं. मनापासनं माफी मागतो."

त्यांनी सांगेपर्यंत मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आई मात्र अजून स्वयंपाकघरातच होती आणि मालकांचा आवाज दोन घरं पलीकडे जाणारा. ती हातात लाटणं घेऊनच बाहेर आली. मालकांनी तिलाही नमस्कार केला आणि मला म्हणाले, "माफ केलं म्हणा की सर. म्हंजे मला फुडं जाता येतंय. अजून लई दारं राहिल्यात."

मी माफ केलं. आईनं केलं नाही. ती शेवटपर्यंत त्यांना 'तो खालचा' म्हणायची.

मालक ख्रिस्ती होते. त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. उपासनेच्या शेवटी प्रत्येकानं भाकरीचा एक तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा. त्या ताटाला हात लावण्याआधी, ज्याच्याशी आपलं वाकडं आहे त्याच्याकडे जाऊन समेट करून यावं, अशी येशूची शिकवण. मंडळीतली शहाणी माणसं हे काम डोळे मिटून, बाकावर बसल्या बसल्या उरकतात. मालकांना मनातल्या मनात काही करणं जमतच नसे. त्यांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि सगळा जन्म शेजारच्या सीटवरून ओरडण्यात गेलेला. त्यामुळे आदल्या शनिवारी ते गल्लीत उतरायचे आणि दारोदार माफी मागत फिरायचे.

त्यांच्या माफीत एक गोम होती. गुन्हा काय केला हे ते पूर्ण सांगायचे, आणि गुन्हा बहुतेक वेळा समोरच्याला माहीतच नसायचा. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला एकदा म्हणाले, "तुमच्या तूरडाळीत खडं असत्यात असं मी गल्लीभर सांगितलं, माफ करा. खडं असत्यातच, पण मी सांगाय नको हुतं." दुकानात तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकं उभी होती. शेजारच्या निवृत्त हेडक्लार्कशी तर त्यांचं भांडण असं कधी नव्हतंच. जे होतं ते सगळं माफीतून तयार झालेलं. एका शनिवारी मालक त्यांच्या फाटकात उभे राहून म्हणाले, "साहेब, मागल्या महिन्यात तुमची माफी मागितली, ती मनापासनं मागितली न्हवती. त्याची माफी मागाय आलोय." हेडक्लार्कांनी कुत्रं सोडलं. पुढच्या महिन्यात मालक कुत्र्याला लाथ घातल्याची माफी मागायला गेले.

पुढं पुढं गल्ली शहाणी झाली. महिन्याचा पहिला शनिवार आला की लोक लवकर बाहेर पडत, नाहीतर दाराला आतून कडी घालून टीव्ही मोठा करत. लॉकडाऊनच्या काळात मात्र मालकांची चंगळ झाली. सगळे घरात, पळणार कुठे? त्यांनी फोनवरून माफी मागायला सुरुवात केली आणि फोन उचलला नाही तर आवाज रेकॉर्ड करून पाठवू लागले. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांनी चुकून एकाची माफी सगळ्यांना पाठवली तेव्हा त्यांना ग्रुपमधून काढलं. काढणाऱ्यालाही त्यांनी माफ केलं, आणि तसं त्याला फोन करून सांगितलं.

मालकीणबाई या माणसाच्या मागोमाग आयुष्यभर निस्तरत आल्या होत्या. बाई ठेंगण्या, शांत, आणि जिभेला धार. मालक शनिवारी ज्या ज्या घरी जाऊन येत, त्या त्या घरी बाई संध्याकाळी नानकटाईचा डबा नेऊन देत. गल्लीत कुणाच्या टेबलावर नानकटाई दिसली की समजायचं, इथं सकाळी माफी मागून झालेली आहे. "अवो, माफी मागायला जाताय तर अंगात शर्ट तरी घाला," एवढंच त्या नवऱ्याला म्हणत. "निदान उघडंवागडं गेल्याची तरी वेगळी माफी मागाय लागणार न्हाय."

एकदा मी मालकांना विचारलं, "मनात आलं ते मनातच ठेवलंत तर काय बिघडेल?"

"मनात ठिवलं की कुजतंय, सर."

"आणि बाहेर काढलं तर?"

"वास येतोय. पण जातोय की."

माझं मत वेगळं होतं. वाईट विचार करून माणूस गप्प बसला तर त्रास एकालाच होतो. मालक कबुली द्यायचे तेव्हा तो दोघांना व्हायचा, वर नानकटाईचं पीठ-तूप वेगळं. पण हे त्यांना पटण्यातलं नव्हतं. आपण येशूचे फार मोठे शिष्य आहोत असं काही ते मानत नव्हते. "मी त्याच्या शाळंतला नापास पोरगा हाय," असं म्हणायचे. मात्र नापास पोरगाच वर्गात सगळ्यांत मोठ्यानं बोलतो, तसं त्यांचं चालायचं.

मी गाडी शिकलो ती त्यांच्याकडेच. भाडेकरूला सवलत होती म्हणून शिकलो आणि पस्तावलो. कधीकाळी एका प्रार्थनासभेत त्यांनी सर्वांसमक्ष शिव्या देणं सोडलं होतं. कोल्हापुरात राहायचं, ड्रायव्हिंग शिकवायचं आणि शिव्या द्यायच्या नाहीत, हे कसं जमावं? त्यांनी मार्ग काढला होता. शिवीच्या जागी ते मोठ्यानं प्रार्थना करायचे. आडवा आलेला बुलेटवाला दिसला की काच खाली करून म्हणायचे, "प्रभू, ह्या माणसाला डोळं दे! दिल्यात म्हणतोस? मग वापरायची अक्कल दे!" बिद्रीच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या की ते पुढच्या ट्रॅक्टरवाल्यासाठी इतक्या कळकळीनं प्रार्थना करायचे की तो बिचारा स्पीकरवरचं गाणं बंद करून मागे बघायचा. त्या प्रार्थनांत शब्द सगळे सोवळे असायचे आणि सूर मात्र अस्सल शिवीचा.

माझ्यासाठीही ते प्रार्थना करायचे. गगनबावड्याच्या घाटात धुक्यात त्यांनी मला गाडी चालवायला बसवलं. समोर हातभर दिसत नव्हतं. शेजारी बघतो तर मालक डोळे मिटून, हात जोडून बसलेले.

"मालक, डोळे उघडा! माझ्याकडे अजून लायसन्स नाही!"

"लायसन्स असतं तर प्रार्थना कशाला केली असती?" डोळे न उघडताच ते म्हणाले. "क्लच सोड की मर्दा सावकाश."

अशा या माणसानं मला चर्चमध्ये बोलावलं तेव्हा मी मुख्यतः गंमत बघायला गेलो. नेमका पहिला रविवार होता. आदल्या दिवशी दुपारपर्यंत माफ्या मागून मालक घामाघूम होऊन आले होते. आता इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मधल्या वाटेच्या कडेला बाकावर ताठ बसले होते. शेजारी बाई, त्यांच्या पलीकडे मी. मालक इतरांपेक्षा अर्धी ओळ आधी गायचे. पाळकसाहेबांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, प्रार्थनेला मधेच 'आमेन' म्हणून ती संपवायचा प्रयत्न करायचे.

मग प्रभुभोजन आलं. मंडळीचे पंच, म्हणजे कारभार बघणारी वडीलधारी माणसं, भाकरीच्या तुकड्यांची ताटं घेऊन बाकाबाकाशी जाऊ लागले. आमच्या बाकाशी चष्मा लावलेले, मालकांसारखंच नाक असलेले एक गृहस्थ आले. त्यांनी ताट मालकांपुढे धरलं. मालकांनी ताट हातात घेतलं, त्यांच्याकडे पाहिलं नाही, तुकडा उचलला नाही, आणि ताट बाईंकडे सरकवलं. बाईंनी आपला तुकडा घेतला. मी ख्रिस्ती नसल्यानं ताट माझ्यापुढून गेलं. मग द्राक्षरसाचे इवलेसे पेले आले. तेही मालकांनी तसेच पुढे ढकलले.

मी थक्क झालो. ज्या घासासाठी या माणसानं गल्लीची झोप उडवली होती, तो घास हा घेतच नव्हता!

घरी आल्यावर मालक जेवून झोपले तेव्हा बाईंनी मला सगळं सांगितलं. ते चष्मेवाले पंच म्हणजे मालकांचे सख्खे धाकटे भाऊ, निवृत्त हेडमास्तर. दोघांत बोलणं नव्हतं. कारण ऐकून मला हसू आवरेना. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, त्यांच्या चर्चमध्ये वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा: आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांसाठीच येशू क्षमा मागतो, तो. पाचवा तहानेचा. मालकांना दर वर्षी पाचवा मिळायचा, कारण तो सगळ्यांत लहान आणि त्यात भरकटायला फारशी जागा नाही, असा पंचांचा समज. तरी मालक एकदा तहानेवरून गल्लीतल्या नळावर घसरले होते आणि सहाव्या वक्त्याचा निम्मा वेळ खाऊन बसले होते. त्यांना हवा होता पहिला. "माफीतलं माझ्याएवढं कुणाला कळतंय?" असं त्यांचं म्हणणं. आणि एका वर्षी पंचांनी पहिला उद्गार दिला तो धाकट्या भावाला.

उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारातच मालक भावाला म्हणाले, "भिकार बोललास. सगळं पुस्तकी." भाऊ म्हणाला, "दादा, तुझ्या माफीला सगळी पेठ हसते. तुला पहिला उद्गार दिला असता तर चर्चमध्ये हसली असती." त्या दिवसापासून दोघं अबोल. क्षमेवर कुणी बोलायचं यावरून दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलायचे बंद झाले, तेही उत्तम शुक्रवारी. आमच्यात याहून काही बरं चालतं असं नाही. माझे वडील आणि काका दोघेही नृसिंहवाडीला एकाच पालखीला जातात आणि एकमेकांकडे पाठ करून आरती म्हणतात. पण निदान ते कुणाला क्षमेवर व्याख्यान देत नाहीत.

"मग भावाची माफी का मागत नाहीत? सगळ्या गावाची तर मागतात," मी बाईंना विचारलं.

"गावाची मागणं सोपं हाय, सर. गावाचं ह्यास्नी काय बी वाटत न्हाय. ह्यो भाऊ हाय."

"आणि भाकर का घेत नाहीत?"

"समेट न करता घेतली तर खोटं हुतंय म्हणत्यात. तेवढं एक खरं धरून बसल्यात." मग म्हणाल्या, "धाकटं बी काय कमी न्हाईत. आमच्या बाकाकडं दुसऱ्या पंचाला धाडता येतंय की. पर न्हाय. दर महिन्याला ताट घिऊन ह्यांच्याफुडं हेच उभं. ते धरणार, हे ढकलणार. आणि मी मधी बसून एकटी खाणार. घरात माणूस उपाशी बसलंय आणि आपण जेवायचं, तसं वाटतंय बगा."

हे असंच चाललं असतं. पण बाईंच्या छातीत दुखायला लागलं आणि डॉक्टरांनी बायपास सांगितली. मिरजेला, पहिल्या रविवारनंतरच्या मंगळवारी. बाईंनी ऑपरेशनला हूं की चूं केलं नाही. फक्त नवऱ्याला म्हणाल्या, "मंगळवारी काय हुईल ते प्रभूला ठावं. रविवारी मला तुमच्यासंगं भाकर घ्यायची हाय. बाकी काय मागत न्हाय."

शनिवारी सकाळी मालक शर्ट घालून वर आले. "सर, गाडी काढा. आज मला चालवाय जमायचं न्हाय."

भावाचं घर राजारामपुरीत, दहा मिनिटांवर. आम्हाला दोन तास लागले. आधी मालकांनी पेट्रोल भरायला लावलं. मग चाकांत हवा. मग म्हणाले, "रंकाळ्याला एक चक्कर मारू, इंजिन मोकळं हुतंय." गल्लीतल्या परक्या माणसाच्या दारावर दणादण थापा मारणारा हा गृहस्थ सख्ख्या भावाच्या दाराला भीत होता. मला आधी मजा वाटली. तिसऱ्या चकरेला वाटेनाशी झाली. मी न विचारताच गाडी राजारामपुरीकडे वळवली.

भावानं दार उघडलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मालकांनी हात जोडले आणि मला वाटलं, झालं, सुटलो.

"उत्तम शुक्रवारी तू जे बोललास ते भिकार हुतं, पुस्तकी हुतं, असं मी चारचौघांत म्हणलं," मालक म्हणाले. "त्याची माफी मागतो. पुस्तकीच हुतं. पर चारचौघांत म्हणाय नको हुतं."

भावाचा चेहरा लाल झाला. "दादा, तू माफी मागायला आलायस की परत तेच म्हणायला?"

मालकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "दोन्ही," ते म्हणाले.

दार बंद झालं.

परतताना एका रिक्षानं आम्हाला अशी हूल दिली की मी करकचून ब्रेक मारला. मालकांनी काच खाली केली नाही, प्रभूकडे कुणासाठी काही मागितलं नाही. समोर बघत नुसते बसून राहिले. इतके दिवस त्यांची टिंगल करत आलो होतो, पण त्या शांततेत मला खरोखर त्यांची कीव आली, आणि बाईंना काय सांगायचं या विचारानं भीती वाटली.

बाईंनी दारातच विचारलं, "झालं?"

"मागितली माफी," मालक म्हणाले.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी घडलं ते सांगितलं.  त्या संध्याकाळी नानकटाई कुठे गेली नाही.

रविवारी मीच त्यांना गाडीनं चर्चला घेऊन गेलो, कारण बाईंना चालवत नव्हतं. तोच बाक, तीच जागा. मालक गायले नाहीत. प्रभुभोजन आलं आणि धाकटे पंच ताट घेऊन आमच्याच बाकाकडे आले. आदल्या दिवशी दार लावून घेतलेला माणूस आज दुसऱ्या कुणाला पाठवेल असं मला वाटलं होतं. पण तेच आले. त्यांनी ताट पुढे धरलं. मालकांनी ते घेतलं आणि सवयीनं बाईंकडे सरकवलं.

बाईंनी तुकडा घेतला नाही. ताट पुढेही दिलं नाही. त्यांनी ते परत मालकांच्या हातात दिलं.

"अगं, घे की," मालक कुजबुजले. त्यांची कुजबूज शेवटच्या बाकापर्यंत जायची.

"तुमी न्हाय तर मी बी न्हाय."

"मंगळवारी ऑपरेशन हाय तुझं!"

"म्हायताय मला."

पेटी वाजवणारा थांबला. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मालक ताट हातात घेऊन उभे राहिले. आता गुन्ह्यांची यादी सुरू होणार हे चर्चमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. भाऊ समोर ताठ उभा होता.

"चुकलं माझं," मालक म्हणाले.

आणि थांबले. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. पुढं काही येईना.

"कुठलं, दादा?" शेवटी भावानंच विचारलं.

"सगळंच."

"आणि भाषणाचं?"

मालकांनी मान खाली घातली. हा माणूस खोटं बोलून सुटणार नाही हे मला ठाऊक होतं.

"चांगलं बोललातास," ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका लहान झाला होता की मागच्यांना पुढे वाकावं लागलं. "लई चांगलं बोललातास. मला तसं बोलाय आलं नसतं. म्हणूनच राग आला."

धाकट्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला. ताटातला एक तुकडा उचलून त्यांनी स्वतःच्या हातानं मालकांच्या तळहातावर ठेवला. मग आणखी एक उचलला.

"मी बी घेतो," ते म्हणाले. हेडमास्तरी मराठी कुठल्या कुठे गेली होती. "लई दिस झालं."

मालक त्यांच्याकडे बघतच राहिले. "तू? तू तर पंच हाईस. दर महिन्याला वाटतोस की सगळ्यास्नी!"

"वाटतोय. पंचानं खाल्ली का न्हाय, कोण बघतंय?"

पुढं पाळकसाहेब हात वर करून तसेच उभे होते. दोन म्हातारे मधल्या वाटेत भाकरीचा तुकडा तोंडात धरून एकमेकांकडे बघत राहिले, आणि चावायचं दोघांनाही सुचेना. मलाही समोरचं नीट दिसत नव्हतं.

बाईंनी मालकांच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि आपला तुकडा उचलला.

"चावा की आता," त्या म्हणाल्या. "मागं माणसं थांबल्यात."